म्युनिसिपालिटीत झाकून ठेवलेलं ताट

चाळीच्या गच्चीवर एकीने पापड वाळत घातले की थोड्या वेळाने दुसरी कुरडया घेऊन येते, तिसरी सांडगे, आणि चौथीकडे काहीच नसलं तर ती नुसती कावळे हाकायला येऊन बसते. किस्स्यांचं तसंच आहे. एक पसरला की बाकीचे आपोआप येऊन शेजारी बसतात.

परवा माहेरी, ठाकूरद्वारला गेले होते. भावजयीने सहज विचारलं, "वन्सं, तुमच्याकडे लालबागला म्युनिसिपालिटी काय काय फुकट देते हो?" मी एक सांगायला गेले आणि दिवेलागण झाली तरी माझं संपेना! भाऊ म्हणाला, "अगं, लिहून काढ. आमचा घसा तरी वाचेल." घसा माझा कोरडा पडला होता, पण असो. म्हणून लिहिते.

त्या वर्षांत आमची चाळ अर्धी मोर्चाला गेलेली असे आणि अर्धी मोर्चाहून परत येत असे. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे आमच्याकडे लहान मुलं 'आई'च्या आधी बोलत. आमच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या लागून होत्या. मधली आमची. डावीकडे पारू, साताऱ्याकडची, नवरा गिरणीत. उजवीकडे राधाकाकी, मालवणकडच्या, विधवा. त्या गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या गड्यांची खानावळ चालवत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, त्यामुळे सरकारी काहीही असलं की दोघी मला पुढे ढकलत.

* * *

सुरुवात पारूने केली.

ती एका मोर्चाला गेली होती. ऊन रणरणतं. घोषणा देऊन देऊन तिचा घसा सुकला, तेव्हा ती म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर टेकली. तिथल्या शिपायाने बिचाऱ्याने माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "काय काम आहे बाई?"

आता नुसतं पाणी पिऊन उठायचं पारूच्या जिवावर आलं. पाहुण्याने काहीतरी बोलावं तशी ती म्हणाली, "हितं काय काय मिळतं?"

शिपाई म्हणाला, "उंदराचा पिंजरा पाहिजे का? फुकट आहे. उंदीर सापडला की सकाळी आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

संध्याकाळी अख्खी चाळ गॅलरीत उभी. मोर्चाचं काय झालं, लाठी चालली का, सगळ्यांना काळजी. तेवढ्यात डोक्यावर पिंजरा घेऊन पारू जिना चढून आली. तिच्या नवऱ्याने धावत जाऊन विचारलं, "काय झालं? मिळाली का मुंबई?"

पारूने पिंजरा खाली ठेवला, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "मुंबईचं अजून ठरवत्यात. तवर ह्यो दिलाय!"

* * *

पिंजरा जिन्याच्या तोंडाशी ठेवला होता. पहिल्याच रात्री चांगला मोठा उंदीर अडकला. पण दुसऱ्या दिवसापासून दिवाळी. म्युनिसिपालिटीचा माणूस सुट्टीवर. उंदीर तसाच पिंजऱ्यात.

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत मरेल. पण तो मरेना. उलट दिवसेंदिवस बाळसं धरू लागला! पारू म्हणे, "ह्यो काय हवा खातोय का काय?"

सुट्टी संपल्यावर तो माणूस आला. त्याने पिंजरा उचलला, हातात तोलून बघितला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यो उंदीर धरलेला हाय का पाळलेला?"

आम्ही काही बोलायच्या आत राधाकाकी भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. पिंजऱ्याची जागा रिकामी दिसली, म्हणजे हाताला रिकामी लागली, तेव्हा कळवळून म्हणाल्या, "गो पारू, तुझो पोपट खंय गेलो? चार दिवस शिकवतंय त्याका, अजून एकदा पण विठ्ठल म्हणूक नाय!"

* * *

हसलो आम्ही पोट धरून. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

काकींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. त्या कबूल करत नसत. भिंतीला हात लावून चालायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "भिंत गार लागता हाताक." खानावळीत बारा गडी जेवायला. त्यांत कढीचा लांब भुरका कोण मारतो, तेही काकींना दिसत नसे; पण तो ऐकला की त्या दिवशी त्या खूश असत. भातात खडे येऊ लागले होते. आमटीत मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. गडी चांगले होते. सर्वांत जुना गणपत, तो खडा दाताखाली आला की जोरात खोकायचा, म्हणजे काकींना कडकन आवाज ऐकू जाऊ नये! पण असं किती दिवस चालणार? गडी एकेक करून दुसरीकडे जेवायला गेले, की खानावळ बंद. मग काकींना गावी दिराच्या घरी जाऊन पडावं लागलं असतं. तिथल्या जावेचं तोंड काकींनी लग्नानंतर लवकरच बघायचं सोडलं होतं.

"चुलीपुढे मरतलंय," काकी म्हणायच्या, "पण दिराच्या दारात जावचंय नाय."

आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात फुकट होत होतं. अडचण एवढीच की ते फुकट होतं! काकींनी आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. शेजारणीने वाटीभर साखर दिली तर वाटी परत येताना तिच्यात सुकी कोलंबी असायची. एखाद्या ब्राह्मणाच्या घरी परत करायची असली तरी!

"फुकटचा माका नको गो," त्या म्हणायच्या. विषय संपला.

* * *

तरी त्या मोर्चाला यायच्या. डोळे नसले तरी आवाज होता ना! तोही खानावळवालीचा. त्यांनी पुढून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हटलं की मागून उत्तर आलंच पाहिजे.

एकदा परळच्या नाक्यावर गर्दीत काकींचा माझ्या हातातला हात सुटला. मी आणि पारू घाबरून शोधतोय. इकडे जा, तिकडे जा. शेवटी लांबून त्यांचा आवाज आला. धावत गेलो तर काय! काकी एका लग्नाच्या वरातीत पुढे चालत होत्या. बँडचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, आज मोर्चा जोरात आहे! त्यांनी हात वर केला आणि गर्जना केली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…"

आणि अख्खी वरात म्हणाली, "झालाच पाहिजे!"

बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. करवल्यांनी मुठी वर केल्या. घोड्यावरच्या नवरदेवानेसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून घोषणा दिली! मी काकींना हळूच बाजूला ओढलं तर वरमाय माझ्यावरच रागावली. "अहो, राहू द्या की त्यांना. आता कुठे वरातीला रंग आलाय!"

* * *

पिंजऱ्यानंतर पारूला आणखी एक शोध लागला. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात औषध फुकट मिळतं, फक्त बाटली आपली न्यायची, हे तिला कळलं. ताप माझ्या धाकट्याला होता. पण आमच्याकडे सरकारी जागी एकटीने जायची पद्धत नाही. निघालो तर मजल्यावरच्या सात बायका! आणि प्रत्येकीच्या हातात बाटली. कुणाची रॉकेलची, कुणाची माक्याच्या तेलाची, एकीने तर घरात बाटली नव्हती म्हणून तांब्या आणला होता.

डॉक्टर तरुण होते. माझ्या मुलाला तपासलं, औषध लिहून दिलं. मग पारूकडे वळले. "तुम्हाला काय होतंय?"

पारूने बाटली पुढे केली. "अजून काय न्हाई डागदर. पण पावसाळा येतोय न्हवं!"

मी त्या गडबडीत काकींना पुढे केलं. नुसती सोबत म्हणून त्यांना आणलं होतं, पण खरं काम तेच होतं. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले, दोन पावलं मागे गेले आणि हात वर केला. "आजी, ही किती बोटं?"

काकींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बोटा तुमची, आणि इचारतास माका?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय. उशीर करू नका." काकी तोवर दरवाजा समजून औषधाचं कपाट उघडत होत्या.

* * *

पावसाळ्यात म्युनिसिपालिटीने झाडांची रोपं वाटली. पारू अर्थातच पहिली! बाकी लोकांनी तुळस आणली, जास्वंद आणली. पारूने आणला माड. चांगला हातभर कोंब आलेला नारळ. रॉकेलच्या डब्यात माती घालून तिने तो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवला.

सगळे कौतुकाने बघायला आले. आमचे हेही आले. हे कधी फारसे बोलत नाहीत. चष्मा वर करून त्यांनी माडाकडे बघितलं, मग वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पारूबाई, हा मोठा झाला की नारळ तिसऱ्या मजल्याला. आपल्याला बुंधा!"

झालं! पारूने त्याच संध्याकाळी वर जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना बजावलं, "नारळ आमचं हाईत. एकालासुद्धा हात लावायचा न्हाई." वरच्या म्हणाल्या, "आमच्या गॅलरीत आलेलं आमचं." तळमजल्यावरच्यांचं म्हणणं, खाली पडलेले नारळ पडतील तिथल्यांचे. पंधरा दिवस मजले एकमेकांशी बोलत नव्हते. माडाला तोवर तिसरं पानसुद्धा फुटलं नव्हतं!

काकी मात्र रोज सकाळी नळावर जाताना माडाशी थांबायच्या. "बाजूक सर रे मेल्या! वाटेत कित्याक उभो रवलंस?" माड सरायचा नाही. मग काकी वळसा घालून जायच्या आणि मला येऊन सांगायच्या, "हल्ली लोका वळख पण देणत नाय गो."

* * *

पारूने मग डोकं लढवलं. "वहिनी, काकी फुकाट नको म्हणत्यात न्हवं? मग सांगू की डागदर पैसं घेतो!"

मला खोटं बोलता येत नाही. तोंडावर लगेच दिसतं. म्हणून ठरलं की मी गप्प राहायचं आणि पारूने बोलायचं. पारूने इतकं रंगवून सांगितलं, की बाई मोठा डॉक्टर आहे, फी घेतल्याशिवाय हात लावत नाही, गरीब-श्रीमंत बघत नाही, की काकींना त्या डॉक्टरबद्दल आदर वाटू लागला. "असो माणूस व्हयो," त्या म्हणाल्या आणि नवं लुगडं नेसून तयार झाल्या.

हॉस्पिटलात आमचा नंबर लागला. मोठे डॉक्टर आले. पांढरे केस, शांत माणूस. त्यांनी डोळे तपासले, म्हणाले, "छान होईल ऑपरेशन. काही काळजी करू नका."

काकींनी ताठ बसून विचारलं, "तुमची फी काय?"

पारू डॉक्टरांना डोळ्यांनी खुणा करतेय, भुवया उडवतेय, मागून हात हलवतेय. मी देवाचं नाव घेतेय. आणि डॉक्टरांनी काकींच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने ठेवला! म्हणाले, "आजी, तुमच्याकडून एक पैसासुद्धा घेणार नाही. सगळं फुकट!"

काकी उठल्या आणि चालू लागल्या. या वेळी मात्र दरवाजा त्यांना बरोबर सापडला.

घरी येईपर्यंत पारू बडबडत होती, "चांगली माणसं अशी ऐन वक्ताला आडवी येत्यात बघा!"

* * *

असे दिवस गेले. शिमग्याला गणपत गावाला गेला. जाताना घाईत काकींना सांगायचं विसरला आणि पंधरा दिवसांनी परत आला. खानावळीत एक रीत असते. जेवणारा आधी सांगून बाहेर गेला, तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरतात, म्हणजे तेवढे पैसे कमी घेतात. सांगितलं नाही तर खाडा नाही. गणपत म्हणत होता, "काकी, मी जेवलोच नाय तर पैसे कसले?"

काकी चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "रोज तुझा ताट वाढून झाकून ठेवलंय. तू जेवलंस नाय, तो तुझो दोष. खाडो मिळाचो नाय."

मी दारात बसून तांदूळ निवडत होते. त्यांच्या नकळत निवडून ठेवायचे, तेवढेच चार खडे कमी. मला काही फार सुचतं अशातला भाग नाही. पण त्या वेळी मनात आलं ते मी बोलून गेले. "काकी, मग म्युनिसिपालिटीचंही तसंच आहे की."

"कसा?"

"आपण खोलीचं भाडं देतो ना? त्यातूनच मालक म्युनिसिपालिटीला घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. म्हणजे आपले पैसे जातातच. त्यातूनच हॉस्पिटल चालतं. आपण गेलो नाही तरी पैसे काही कापून मिळत नाहीत."

काकींचा हात भाकरीवर थांबला. "कधीपासून जातत पैसे?"

"तुम्ही या खोलीत आलात तेव्हापासून."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी काकींनी ती उलटली नाही. गणपत माझ्याकडे बघतोय, मी गणपतकडे.

"म्हणजे," काकी हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सा माझा ताट थंय झाकून ठेवलेला?"

"हो काकी."

"आणि तू ह्या आता सांगतंस?"

* * *

त्यानंतर म्युनिसिपालिटीचं काही खरं राहिलं नाही!

काकींनी दोन उंदराचे पिंजरे आणायला लावले. घरात उंदीर नव्हते तरी! रोप वाटणाऱ्या माळ्याकडून चिकू, पेरू आणि एक सावलीचं झाड आणलं. चाळीत देवी टोचायला माणूस आला, तेव्हा मुलं पळून जिन्याखाली लपली आणि काकी बाही सरकवून पहिल्या नंबरावर. टोचून झाल्यावर दुसरा दंड पुढे केला.

"आजी, एकदाच टोचायचं असतं."

"मार रे. खूप वर्सांचा रवलेला आसा."

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच ट्रंक बांधली. हॉस्पिटलात त्याच पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दोनय डोळे एकदम करा."

डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी एक, मग काही महिन्यांनी दुसरा."

"ठीक आसा," काकी म्हणाल्या. "दुसऱ्याचा ताट झाकून ठेवा."

* * *

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी. मान अजिबात हलवायची नाही, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आम्ही भेटायला गेलो तर व्हरांड्यातूनच काकींचा आवाज ऐकू येत होता. "डाळीक मीठ कोणी घातल्यान? हाडा त्याका हंय!"

हॉस्पिटलचा स्वयंपाकी खरंच खाटेशी येऊन उभा होता. हात बांधून! काकी उताण्या पडून, पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी त्याला डाळ कशी फोडणीला घालायची ते शिकवत होत्या. अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकत होता. सिस्टर धावत आल्या. "आजी, तुम्हाला किती वेळा सांगितलं, हलू नका म्हणून?"

"मान खंय हलयतंय?" काकी म्हणाल्या. "तोंड हलयतंय!"

आठवड्याने शेजारच्या खाटेवरच्या बाईंना घरी सोडायचं ठरलं, तर त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आणखी दोन दिवस राहू का? आता कुठे डाळ बरी होतेय."

* * *

काकी हॉस्पिटलात असताना खानावळ मी आणि पारूने चालवली. गिऱ्हाईक तुटू नये एवढाच हेतू. तांदूळ मी दोनदा निवडायचे. मीठ मोजून. खडा म्हणून एक नाही! पण मी भात करायचे आमच्या ठाकूरद्वारच्या पद्धतीने मऊ, आणि पारूची आमटी साताऱ्याची, कानातून धूर काढणारी. मासे दोघींनाही धड जमेनात.

गडी बिचारे खाली मान घालून जेवायचे. चौथ्या दिवशी मी न राहवून गणपतला विचारलं, "जेवण बरं होतंय ना हो?"

गणपतने मऊ भाताचा घास गिळला. मग म्हणाला, "वहिनी, खोटा कशाक बोलू? काकींचे खडे बरे होते."

आमची खरी काळजी मात्र वेगळीच होती. पट्टी सुटल्यावर दिसेल का? कारण नाही दिसलं, तर हे बारा गडी आमच्या हातचं खाऊन महिन्यापलीकडे टिकले नसते. आणि काकींनी ट्रंक बांधली होती ती हॉस्पिटलसाठी, पण तीच ट्रंक पुढे दिराच्या दारात जाऊन पडली असती.

* * *

पट्टी सुटली, पुढे जाड भिंगाचा चष्मा मिळाला आणि काकी घरी आल्या, तेव्हा महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं. लालबागच्या रस्त्याला पताका लागत होत्या. काकी कशाकडेच बघायला थांबल्या नाहीत. कठडा न धरता जिना चढल्या, पारूच्या माडाला चष्म्यातून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थेट चुलीपुढे बसल्या. "आज माझ्या हातचा जेवण."

बांगड्याचं तिखलं, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. पंगत बसली. गडी नव्या नवरीसारखे लाजत बसले होते, कारण काकी त्यांना पहिल्यांदाच नीट बघणार होत्या. मी आणि पारू दारात उभ्या. काकी वाढत वाढत एकेकापुढे थांबत होत्या, वाकून चष्म्यातून चेहरा बघत होत्या.

"गणपत? टक्कल पडला तुका? आणि माका सांगूक नाय!"

"तू तुकाराम. आवाजावरून माका वाटला, जाडो असशीत."

असं करत त्या पंगतीच्या शेवटी आल्या. भिंतीजवळ एक किरकोळ, मिशीवाला माणूस मान खाली घालून बसला होता. काकी त्याच्यापुढे थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मागे वळून सगळ्यांची डोकी मोजली, ती तेरा भरली, आणि परत त्याच्याकडे बघितलं.

"तू कोण रे?"

त्याने मान आणखी खाली घातली. गणपत म्हणाला, "काकी, तो तुकारामाचा पाहुणा ना!" तुकाराम म्हणाला, "माझा कुठला? मला वाटलं, तुझा!" तिसऱ्याला वाटत होतं, चौथ्याचा. चौथ्याला वाटत होतं, तो खोली क्रमांक नऊमधला. मी पारूकडे बघितलं, पारूने माझ्याकडे. महिनाभर आम्ही दोघींनी त्याला रोज वाढलं होतं. वर आग्रह करकरून!

काकींच्या हातात माशांचं पातेलं होतं. गड्यांना वाटलं, आता ते त्याच्या डोक्यावर बसतंय. तो माणूस अर्धा उठला.

"बस खाली," काकी म्हणाल्या. "वायच कढी पी बघू."

त्याने कढीची वाटी तोंडाला लावली. असा लांबलचक भुरका मारला, की गॅलरीतल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या.

काकींचा सगळा चेहरा उजळला.

"तोच! तोच तू! मेल्या, तुका बघूकच तर डोळो करून घेतलंय मी!"

आणि त्यांनी त्याच्या ताटात बांगड्याची आणखी एक तुकडी वाढली.